आमाशयव्रण आणि संरक्षक वनौषधी

जेवणानंतर किंवा उपाशीपोटी उठणारी जळजळ, छातीखाली नेमक्या जागी बोट ठेवून दाखविता येणारी वेदना, आंबट ढेकर व रात्री झोपेतून उठविणारा शूल घेऊन येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. जुन्या जालन्यात व्यवसाय करताना या तक्रारींची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पोलादाच्या कारखान्यांतील रात्रपाळी, मोंढ्यातील हमाली, ऊसतोडीच्या हंगामातील सहा महिन्यांचे कष्ट, उपाशीपोटी घेतलेला चहा, तंबाखू आणि या सर्वांच्या जोडीला अंगदुखीवर दुकानातून आणून रोज घेतलेली वेदनाशामक गोळी, असा हा हेतुसमुदाय असतो. असा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा त्याची अपेक्षाही ठरलेली असते. ‘पोटाला बाधणार नाही असे काही झाडपाल्याचे औषध द्या,’ असे तो म्हणतो. दुसरीकडे औषधविक्रेत्यांकडे ‘आमाशयाचे रक्षण करणाऱ्या’ वनस्पतींच्या घनाच्या गोळ्या व कॅप्सूल मुबलक मिळतात.

ही औषधे कोणाचे रक्षण करतात, कशापासून करतात आणि कोणत्या मर्यादेपर्यंत करतात, या प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. आमच्या मते वैद्याने तो प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत करणे आवश्यक आहे. कारण ‘रक्षण’ या शब्दावर विसंबून मूळ हेतू तसाच राहिला, तर त्याची किंमत रुग्णास रक्तस्रावाच्या रूपाने मोजावी लागते.

आमाशय स्वतःस का पचवीत नाही?

आमाशयातील अम्ल इतके तीव्र असते की त्याचा सामू १ ते २ एवढा खाली जातो. मांसाचा तुकडा ज्यात विरघळतो, त्या रसात आमाशयाची भिंत मात्र सुरक्षित राहते. याचे कारण तिच्यावरील श्लेष्माचा थर होय. या थरात आतील पेशींनी सोडलेले बायकार्बोनेट अडकून राहते. त्यामुळे पोकळीत तीव्र अम्ल असतानाही पेशींच्या पृष्ठभागाशी सामू ७ च्या जवळपास राहतो. त्याखालच्या पेशी काही दिवसांतच झडून नव्याने निर्माण होतात, आणि त्यांना पुरेसा रक्तपुरवठा लागतो. श्लेष्मा, बायकार्बोनेट, पेशींचे नवनिर्माण व रक्तप्रवाह या चारही गोष्टींचे नियंत्रण मोठ्या प्रमाणावर प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांकडे असते.

१९७९ मध्ये आंद्रे रॉबर्ट या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना शुद्ध मद्यार्क, तीव्र अम्ल, तीव्र क्षार, इतकेच नव्हे तर उकळते पाणी देण्यापूर्वी अत्यल्प मात्रेत प्रोस्टाग्लँडिन दिले असता आमाशयाची हानी टळली. ही मात्रा अम्लस्राव कमी करण्याइतकी नव्हती. अर्थात अम्ल न घटविताही आमाशयाचे रक्षण होऊ शकते, हे सिद्ध झाले. ‘पेशीरक्षण’ ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली, आणि वनस्पतींच्या घनांवरील पुढील बहुतेक संशोधन याच कल्पनेच्या आधारे झाले.

ग्रंथोक्त दृष्टी

आपल्या संहितांत ‘पेप्टिक अल्सर’ या व्याधीशी तंतोतंत जुळणारे एकच नाव नाही. काश्यपसंहितेत व माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र वर्णन आहे. शूलनिदानात माधवकरांनी परिणामशूल व अन्नद्रवशूल हे दोन प्रकार सांगितले आहेत. अन्न जिरू लागले असता उठणारा तो परिणामशूल. अन्न जिरो वा न जिरो, जो राहतो आणि वमनानंतरच शमतो तो अन्नद्रवशूल. ग्रहणीतील व्रणाचा विचार पहिल्याशी व आमाशयातील व्रणाचा विचार दुसऱ्याशी जोडण्याची पद्धत आहे. ती अभ्यासास उपयुक्त आहे. मात्र लक्षणांवरून व्रण आहे की नाही हे ठरविता येत नाही, याचे भान ठेवावे. व्रण नसलेल्या रुग्णातही हीच लक्षणे असू शकतात.

आमाशयस्थ क्लेदक कफ अन्नाचे क्लेदन करतो, आणि उष्ण, तीक्ष्ण, अम्ल गुणांच्या पाचक पित्ताबरोबर त्याचा समतोल असतो. तीक्ष्ण व विदाही आहाराने पित्त वाढते आणि कफाचे आवरण क्षीण होते, तेव्हा दाह व शूल उत्पन्न होतात. क्लेदक कफ म्हणजेच श्लेष्माचा थर असे शब्दशः समीकरण आम्ही मांडत नाही. परंतु मधुर, शीत व स्निग्ध द्रव्यांची योजना ग्रंथकारांनी का केली, हे समजण्यास हा विचार साहाय्यक ठरतो.

व्यवहारात आपण वापरतो त्या कल्पांचे त्यांच्या कार्यानुसार तीन गट करावेत. शंखभस्म व कपर्दिक भस्म हे कॅल्शियमचे योग असल्याने अम्लाचे उदासीनीकरण करतात. अविपत्तिकर चूर्णात त्रिवृत मोठ्या प्रमाणात असल्याने ते मुख्यतः शोधन करते. यष्टीमधु, शतावरी यांसारखी द्रव्ये रक्षण व रोपण करतात. हे तिन्ही गट ‘अम्लपित्ताची औषधे’ म्हणून सरसकट वापरले जातात, परंतु त्यांचे काम एक नाही. ज्याला शोधनाची गरज नाही अशा क्षीण, रक्ताल्प रुग्णास नित्य विरेचन देणे हे रक्षण नव्हे.

यष्टीमधु : गुण आणि इशारा

संरक्षक वनौषधींत यष्टीमधूचा आधुनिक इतिहास सर्वांत बोधप्रद आहे. १९४६ मध्ये नेदरलँड्समधील रेव्हर्स या वैद्यकाने आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. यष्टीमधूच्या रसाचा घट्ट केलेला कल्प घेणाऱ्या व्रणाच्या रुग्णांना आराम पडतो, परंतु त्यांतील काहींच्या अंगावर सूज येते, असे त्यांना आढळले. पुढे ब्रिटनमध्ये यष्टीमधूतील द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध तयार करण्यात आले. १९६२ मध्ये रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची रुग्णांवरील चाचणी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. आमाशयातील व्रण त्याने अधिक लवकर भरून आले. ज्याला आपण परंपरेने रोपक म्हणतो, त्या द्रव्याचा गुण रुग्णांवरील तौलनिक चाचणीत दिसून आला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

याचे कारणही पुढे स्पष्ट झाले. प्रोस्टाग्लँडिनचे विघटन करणाऱ्या विकरास हे द्रव्य अडथळा करते. परिणामी आमाशयात प्रोस्टाग्लँडिन अधिक काळ टिकते, श्लेष्मा वाढतो व पेशींचे आयुष्य लांबते. परंतु हेच द्रव्य वृक्कातील आणखी एका विकरास रोखते. तेथे कॉर्टिसोलचे निष्क्रियीकरण होत नाही, आणि शरीर अल्डोस्टेरॉन वाढल्याप्रमाणे वागू लागते. मीठ व पाणी साचते, रक्तदाब वाढतो, रक्तातील पोटॅशियम घटते, स्नायूंना दुर्बलता येते आणि क्वचित हृदयाची गती बिघडते. १९७६ नंतर सिमेटिडिनसारखी अम्लस्राव रोखणारी औषधे आल्यावर कार्बेनॉक्सोलोन मागे पडले, त्याचे हे एक कारण होते.

यावरून मात्रेचे गणित प्रत्येकाने स्वतः करून पाहावे. मुळात ४ टक्के ग्लिसराइझिन असेल, तर ४ ग्रॅम चूर्णातून १६० मिलिग्रॅम ग्लिसराइझिन पोटात जाते. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ मध्ये सामान्य माणसाच्या नित्य सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ही मर्यादा सुचविली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात व्रणासाठी याहून मोठी मात्रा नमूद आहे, परंतु वैद्यकीय देखरेखीशिवाय चार ते सहा आठवड्यांहून अधिक काळ ती घेऊ नये अशी सूचनाही तेथे आहे. चिकित्सेची मात्रा मर्यादित काळासाठी असते. ती आयुष्यभराची सवय होऊ नये, हा त्याचा अर्थ. उच्च रक्तदाब, हृद्रोग किंवा वृक्करोग असलेल्या, मूत्रल औषधे वा डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णांत व गर्भिणीत यष्टीमधूचे चूर्ण अथवा घन टाळावे. ग्लिसराइझिन काढून टाकलेला घनही आज उपलब्ध आहे. त्याने रक्तदाबाची भीती बरीचशी दूर होते, मात्र तो व मूळ चूर्ण गुणाने समान मानू नयेत.

शतावरी : मुंबई व वाराणसी येथील कार्य

शतावरीसंबंधी महाराष्ट्रातील एक काम येथे उल्लेखनीय आहे. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील दळवी, नाडकर्णी व गुप्ता यांनी १९९० मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर शतावरीचा प्रयोग प्रसिद्ध केला. आमाशय रिकामे होण्यास लागणारा काळ शतावरीने कमी झाला, आणि हा परिणाम मेटोक्लोप्रमाइड या प्रचलित औषधाच्या तुलनेचा होता. जेवणानंतर पोट जड राहणे, अन्न वर येणे, मळमळ अशा तक्रारींत शतावरीने मिळणाऱ्या उपशयाचे स्पष्टीकरण यात मिळते. मात्र हा प्रयोग निरोगी व्यक्तींवरील होता आणि व्रणाच्या रोपणाविषयी नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

व्रणासंबंधीचे काम वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयात झाले. साईराम, गोयल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शतावरीच्या ताज्या मुळांच्या घनाने थंडी व बंधन यांच्या ताणाने झालेले व्रण, तसेच आमाशयाचे अधोमुख बांधून उत्पन्न केलेले व्रण कमी झाले. श्लेष्मा वाढला, पेशींचे आयुष्य वाढले. अम्ल व पेप्सिन यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे शतावरीचे कार्य अम्लशमनाचे नसून रक्षणाचे आहे.

याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा असून तो क्वचितच सांगितला जातो. केवळ ॲस्पिरिनने आणि केवळ मद्यार्काने उत्पन्न केलेल्या आमाशयव्रणांत शतावरीचा उपयोग झाला नाही. आपल्याकडे येणाऱ्या अनेक रुग्णांच्या व्रणाचे कारण नेमके वेदनाशामक औषध किंवा मद्य हेच असते. अशा रुग्णास ‘गोळी चालू ठेवा, वर शतावरी घ्या’ असा सल्ला देण्यास या प्रयोगातून आधार मिळत नाही, उलट इशाराच मिळतो.

शतावरी क्षीरपाक देताना एक भाग द्रव्य, आठ भाग दूध व बत्तीस भाग पाणी घेऊन दूध शेष ठेवावे, हे प्रमाण सर्वांस ज्ञात आहे. मात्र केवळ दुधाचाच मारा करू नये. दुधाने तात्काळ आराम पडतो, परंतु त्यातील प्रथिने व कॅल्शियम यांमुळे नंतर अम्लस्राव वाढतो. दर तासाला दूध पाजण्याची पाश्चात्त्य वैद्यकातील जुनी पद्धत याच कारणाने मागे पडली.

कच्ची केळी

आपल्या स्वयंपाकघरातील एक पदार्थही या मालिकेत येतो. कच्च्या केळ्यांविषयी संन्याल व सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभापासून काम केले. भाजीच्या कच्च्या केळ्यांचे वाळवून केलेले चूर्ण उंदरांतील व्रणांवर संरक्षक आढळले. पुढे ब्रिटनमधील संशोधकांनी त्यातील ल्युकोसायनिडिन हे द्रव्य वेगळे करून त्याचे कार्य दाखविले. हे चूर्ण श्लेष्मा व पेशींची वाढ यांना उत्तेजन देते. पिकलेल्या केळ्यास हा गुण तितकासा लागू होत नाही. म्हणून रुग्णास ‘केळी खा’ एवढे सांगणे पुरेसे नसते. कच्ची की पिकलेली, भाजीची की फळाची, हे स्पष्ट करावे लागते. आहाररूपाने कच्च्या केळ्यांची कमी तिखटाची भाजी निरुपद्रवी असून भाकरीबरोबरच्या ठेच्याला तो सोयीचा पर्याय आहे.

चूर्ण, क्वाथ, अर्क आणि घन

‘एक्स्ट्रॅक्ट’ या शब्दासाठी मराठीत ‘अर्क’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. आपल्या परिभाषेत अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने काढलेले बाष्पशील द्रव्य. यष्टीमधूतील ग्लिसराइझिन बाष्पशील नसल्याने ते अर्कात येत नाही, क्वाथात येते. क्वाथ आटवून केलेला तो घन. बाजारातील घन पाण्यात, मद्यार्कात किंवा दोहोंच्या मिश्रणात काढलेला असू शकतो, आणि द्रावकानुसार त्यात उतरणारी द्रव्ये बदलतात. दहा किलो मुळापासून एक किलो घन मिळविला असेल, तर ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल ५ ग्रॅम मुळाच्या बरोबरीची होते. म्हणून वेष्टनावर द्रावक, घनाचे प्रमाण व मुख्य घटकाची टक्केवारी दिलेली नसेल, तर त्या कॅप्सूलची मात्रा ठरविण्यास वैद्याकडे कोणताच आधार राहत नाही. असे औषध न वापरणे उत्तम.

रक्षण जेथे अपुरे पडते

१९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन व मार्शल यांनी आमाशयात राहणारा जंतू शोधला. तोच आज हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखला जातो. त्यासाठी त्यांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू व वेदनाशामक औषधे ही व्रणाची दोन प्रमुख कारणे होत. जंतूचा नाश झाला नाही तर भरलेला व्रण पुन्हा उद्भवतो. यष्टीमधूसह अनेक वनस्पतींची द्रव्ये काचेच्या नळीत या जंतूची वाढ रोखतात हे खरे. परंतु रुग्णाच्या आमाशयातून त्याचे उच्चाटन करणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी प्रतिजैविकांची संयुक्त चिकित्साच प्रमाणभूत आहे. मलातील प्रतिजनाची किंवा श्वासाची तपासणी करून घ्यावी. तपासणीपूर्वी अम्लस्राव रोखणारी औषधे दोन आठवडे व प्रतिजैविके चार आठवडे बंद असावीत, अन्यथा निष्कर्ष फसवा येतो.

वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच थांबवितात. म्हणून ती इंजेक्शनने दिली तरी आमाशयास इजा होते. ‘गोळी पोटाला बाधते, सुई बाधत नाही’ हा समज चुकीचा आहे. वृद्धांमध्ये अशा व्रणाने अनेकदा वेदनाही होत नाही, आणि पहिले लक्षण रक्तस्राव हेच असू शकते. सांधेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत वेदनाशामक व स्टिरॉइड मिसळल्याची उदाहरणे देशात अनेकदा उघडकीस आली आहेत. अशा पुडीने एका दिवसात दुखणे थांबले असे रुग्ण सांगत असेल, तर वैद्याने सावध व्हावे. आपल्या शास्त्राच्या नावावर होणारी ही व्रणनिर्मिती रोखणे हे आपलेच कर्तव्य आहे.

व्यवहारात काय करावे

१. प्रथम निदानपरिवर्जन. गोळ्या, इंजेक्शने, पुड्या, तंबाखू व मद्य यांची चौकशी प्रत्येक वेळी नावानिशी करावी. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णाची गोळी मात्र आपण परस्पर बंद करू नये. ती देणाऱ्या डॉक्टरांशी विचारविनिमय करावा.

२. रक्ताची उलटी, डांबरासारखा काळा, चिकट व दुर्गंधी मल, भोवळ, वजन घटणे, गिळताना अडखळणे, सतत उलट्या, पांडुता, किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेली तक्रार यांपैकी काहीही आढळल्यास चिकित्सेस विलंब न करता एंडोस्कोपीसाठी पाठवावे. रक्तस्रावाची चिन्हे असल्यास अथवा एकाएकी तीव्र वेदना होऊन पोट फळीसारखे कडक झाल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे मुखाने काहीही देऊ नये.

३. धात्री लोह किंवा सप्तामृत लोह चालू असता मल काळसर होतो. रुग्णास हे आधी सांगावे, आणि काळा मल दिसल्यास केवळ लोहाचा परिणाम म्हणून सोडून न देता त्याचा चिकटपणा, दुर्गंधी, नाडी व रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे.

४. यष्टीमधु देण्यापूर्वी व देत असताना प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून केसपेपरवर लिहावा. पायावर सूज आल्यास ते बंद करावे. चार ते सहा आठवड्यांनंतर पुनर्विचार करावा.

५. जंतूवरील प्रतिजैविकांची चिकित्सा चालू असता ती अर्धवट सोडण्यास सांगू नये. आहार, निद्रा व संरक्षक द्रव्ये यांची योजना तिच्या जोडीने करता येते.

६. वनौषधीचा अनिष्ट परिणाम आढळल्यास आयुष मंत्रालयाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे त्याची नोंद करावी. नोंद केल्याने औषधाची अप्रतिष्ठा होत नाही. ते कोणास द्यावे व कोणास देऊ नये हे पुढच्या वैद्यास कळते.

सारांश

संरक्षक वनौषधींचा गुण खरा आहे. यष्टीमधूस रुग्णांवरील चाचण्यांचा इतिहास आहे, शतावरी व कच्ची केळी यांस प्रयोगशाळेतील आधार आहे, आणि श्लेष्माचे आवरण बळकट करणे हा चिकित्सेचा मार्ग ग्रंथकारांच्या दृष्टीशी सुसंगत आहे. परंतु उंदरातील काही तासांचा व्रण व माणसातील अनेक महिन्यांचा व्रण एक नव्हेत. चूर्ण व घन एक नव्हेत. आणि लक्षणांचे शमन व व्रणाचे रोपण हेही एक नव्हेत. हेतू दूर केल्यावर उरलेल्या व्रणास भरून येण्यास साहाय्य करणे हे या द्रव्यांचे योग्य स्थान आहे. हेतू चालू ठेवण्याची सवलत म्हणून त्यांचा उपयोग होऊ लागला, तर औषध उत्तम असूनही चिकित्सा सदोष ठरते. वैद्यबंधू व भगिनींनी आपल्याकडील अशा रुग्णांच्या नोंदी, विशेषतः रक्तदाब व घेतलेल्या वेदनाशामकांचा तपशील, नियमित ठेवाव्यात, अशी विनंती आहे. त्या एकत्र आल्या, तर आपल्या भागातील व्रणाविषयी आपल्यालाच काही ठाम सांगता येईल.